दोष फावड्याचा नव्हे

दुष्काळी कामांचा विषय निघाला की आपल्याकडचा वाद ठरलेल्या दोनच वळणांनी जातो. एक बाजू म्हणते, हा सरकारी पैशाचा चुराडा आहे. आज खड्डा खणायचा, उद्या तोच बुजवायचा आणि मस्टरवर अंगठा उठवून घरी जायचे. दुसरी बाजू म्हणते, माणसे जगली, चुली पेटल्या, मग त्या कामाचे पुढे काय झाले हे विचारायचेच कशाला? ऐकायला ही दोन टोके वाटतात. पण दोघांच्याही लेखी काम हे केवळ मजुरी देण्याचे निमित्त आहे. काम कोणते निवडले, त्यावर कोणते नियम लादले आणि त्या नियमांनी मागे काय ठेवले, याची चौकशी दोघांनाही नको असते. म्हणून वर्षानुवर्षे तोच वाद त्याच शब्दांत चालू राहतो.

ही चौकशी करायला १९३० च्या दशकातली आग्नेय अमेरिका हे फार चांगले उदाहरण आहे. महामंदीत बेकार झालेल्या हजारो लोकांना तिथल्या सरकारने चक्क पुरातत्त्वीय उत्खननावर लावले. त्या उत्खननांबद्दलही आज अशाच दोन जमाती आहेत. एक म्हणते, अडाणी मजुरांच्या हाती फावडी देऊन देशाचा प्राचीन ठेवा उद्ध्वस्त केला. दुसरी त्या काळाला सुवर्णयुग म्हणते. माझे म्हणणे या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. मदतकार्याच्या नियमांनीच त्या प्रदेशाचे पुरातत्त्व घडवले. कुठे खणायचे, काय सापडायचे आणि काय कायमचे दृष्टीआड राहायचे, हे पुष्कळ अंशी त्या नियमांनी ठरवले. त्यात जे बिघडले ते अकुशल हातांमुळे बिघडले नाही. पैसा मजुरीला बांधला गेला आणि मजुरी संपताच आटला, म्हणून बिघडले. आणि ज्यांचे पूर्वज त्या मातीत होते त्यांना कोणी विचारले नाही, म्हणून बिघडले.

सुरुवात कशी झाली ते आधी पाहू. ४ मार्च १९३३ रोजी रूझवेल्ट अध्यक्ष झाले तेव्हा अमेरिकेतल्या काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे जवळपास एक बेकार होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संशोधन संस्थेचे फ्रँक सेट्झलर यांनी लुइझियानातल्या मार्क्सव्हिल इथे मदत-यादीवरचे, म्हणजे सरकारी मदतीसाठी नोंदलेल्या बेकारांतले, मजूर घेऊन उत्खनन केले. हाताशी जेम्स फोर्ड नावाचा तरुण होता. प्रयोग जमला. नोव्हेंबरात ‘सिव्हिल वर्क्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ स्थापन झाले आणि दोन-तीन महिन्यांत चाळीस लाखांच्या घरात लोकांना काम मिळाले. पण हिवाळा तोंडावर होता. गोठलेल्या जमिनीत फावडे चालत नाही. साहजिकच स्मिथसोनियनने आपली कामे उबदार हवेच्या राज्यांत काढली: फ्लोरिडा, जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना, कॅलिफोर्निया. तिथे बेकारीही दांडगी होती आणि नदीकाठी प्राचीन मूलनिवासींनी रचलेली मातीची प्रचंड टेकाडेही होती. आग्नेय अमेरिकेचा प्राचीन इतिहास एकाएकी उजेडात आला तो कोणा विद्वानाला तो प्रदेश जास्त महत्त्वाचा वाटला म्हणून नव्हे. हवामान, दारिद्र्य आणि सरकारी वेळापत्रक यांची गाठ तिथे पडली होती.

पुढे १९३५ मध्ये ‘वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ आले. आठ वर्षांत त्याने सुमारे ८५ लाख माणसांना काम दिले. त्याआधीच, मे १९३३ मध्ये, टेनेसी खोरे प्राधिकरण जन्माला आले होते आणि नद्यांवर एकामागून एक धरणे उभी राहू लागली होती. धरणांच्या पाण्याखाली जाणारी गावठाणे आणि मदत-यादीवरचे मजूर यांची सांगड घातली ती केंटकी विद्यापीठाच्या विल्यम वेब यांनी. हे गृहस्थ मुळात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. १९३४ च्या जानेवारीत त्यांनी नॉरिस धरणाच्या बुडीत क्षेत्रात काम सुरू केले. १९३६ मध्ये तिथे पाणी अडले. पाणी कुणासाठी थांबत नाही, आणि वेब यांना हे पक्के माहीत होते.

आता विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दा घेऊ, कारण तो हलका नाही. उत्खनन म्हणजे नाश. एकदा थर उकरला की तो परत बसवता येत नाही. नोंद झाली नसेल तर तो पुरावा जगातून गेला. अशा कामावर काल कापसाच्या शेतात किंवा बंद पडलेल्या गिरणीत राबणारी माणसे लावायची, तीही शेकड्यांनी, आणि त्यांच्यावर देखरेखीला विशी-पंचविशीतले चार विद्यार्थी, ही योजना कुठल्याही जाणकाराला घाबरवणारीच आहे. जॉर्जियात मेकनजवळच्या ओकमल्गी इथे आर्थर केली यांनी डिसेंबर १९३३ मध्ये काम सुरू केले तेव्हा मजूर शेकड्यांनी होते आणि प्रशिक्षित माणसे बोटांवर मोजण्याइतकी. पुढे मजुरांचा आकडा आणखी वाढला. त्या गर्दीत कितीतरी गोष्टी निसटल्या असणार. हे मी मान्य करतो, आणि सुवर्णयुगवाल्यांनीही मान्य करायला हवे.

पण निसटले ते मजूर अकुशल होते म्हणून निसटले का? केंटकीत ग्रीन नदीच्या काठी इंडियन नॉल नावाची जागा आहे. हजारो वर्षे नदीतले शिंपले खाऊन माणसांनी टाकलेल्या टरफलांचा तो ढीग. १९१५ मध्ये फिलाडेल्फियाचे धनवान हौशी संशोधक क्लॅरेन्स मूर तिथे खणून गेले होते. त्यांना थडग्यांत भोके पाडलेले घोटीव दगड आणि शिंगाचे आकडे सापडले. मूर यांनी अंदाज बांधला की हे जाळी विणायचे साहित्य असावे. पंचवीसेक वर्षांनी वेब यांच्या हाताखाली मदत-यादीवरच्या मजुरांनी तीच जागा उघडली आणि आठशेहून अधिक दफने नोंदवली. या वेळी एक गोष्ट लक्षात आली. कित्येक थडग्यांत दगड आणि शिंगाचा आकडा एका सरळ रेषेत पडलेले होते, जणू दोघांमधून एखादी काठी गेली होती आणि ती काठी कुजून नाहीशी झाली होती. वेब यांनी त्यावरून दाखवून दिले की ही भाला फेकायच्या दांड्याची वजने आहेत. दांडा उरला नव्हता. उरले होते ते फक्त दोन वस्तूंमधले अंतर आणि त्यांची दिशा. मजुराने दगड दिसताक्षणी उचलून घमेल्यात टाकला असता तर हा पुरावा त्याच क्षणी संपला असता. तो उरला, कारण खणणाऱ्याला हात आखडता घ्यायला शिकवले होते आणि शेजारी कागद, मोजपट्टी घेऊन कोणीतरी उभे होते. श्रीमंत हौशी माणसाला जे दिसले नाही ते रोजंदारीवरच्या गटाला दिसले. मग कौशल्य नेमके कोणाच्या हातात होते?

दुसरे उदाहरण सव्हॅनाजवळच्या आयरीन टेकाडाचे. १९३७ ते १९४० या काळात तिथे खणणाऱ्यांत बहुसंख्य होत्या त्या कृष्णवर्णीय स्त्रिया. वंशभेदाचे कायदे ऐन जोरात असलेल्या जॉर्जियात या बायका पुरातत्त्वातले सर्वांत नाजूक काम करत होत्या: मातीचा पृष्ठभाग फावड्याच्या धारेने पापुद्र्यासारखा सोलायचा, खालची जमीन सपाट करायची, आणि कुठे गोल काळसर डाग दिसतो का ते पाहायचे. तो डाग म्हणजे कधीकाळी रोवलेल्या आणि नंतर कुजून गेलेल्या खांबाची जागा. असे डाग ओळीने जोडले की भिंत उभी राहते, भिंती जोडल्या की घर. एक डाग चुकला तर घराला दार कुठे होते ते कळत नाही. जोसेफ कॉल्डवेल आणि कॅथरीन मॅकॅन यांचा आयरीनवरचा अहवाल १९४१ मध्ये छापून आला आणि आजही अभ्यासक तो वापरतात. त्यातल्या प्रत्येक नकाशामागे त्या बायकांची नजर आहे. त्यांची नावे बहुतेकांना ठाऊक नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. आणि जे लोक आज ‘अडाणी मजूर’ असा सरसकट शिक्का मारतात त्यांचा रागही येतो.

इतिहासात हे काही नवे नव्हते. इजिप्तमध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९० च्या दशकात कुफ्त गावच्या शेतकऱ्यांना खणायला शिकवले. त्या गावातून खणणाऱ्यांच्या पिढ्या निघाल्या आणि इजिप्तभरच्या मोहिमा त्यांच्यावर विसंबून राहिल्या. अकुशल ही माणसाची जात नव्हे. ती कामाच्या पहिल्या आठवड्यातली अवस्था आहे.

शिवाय विरोधक एक गृहीत गुपचूप धरून चालतात: मदतकार्याने खणले नसते तर ही टेकाडे सुरक्षित राहिली असती आणि पुढच्या, अधिक जाणत्या पिढीने ती शांतपणे उघडली असती. खरेच? ओक्लाहोमातल्या स्पायरोची गोष्ट पाहा. क्रेग टेकाड नावाची ती जागा १९३३ मध्ये काही लोकांनी भाडेपट्ट्याने घेतली आणि पोकोला मायनिंग कंपनी अशा नावाने तिथे ‘खाणकाम’ सुरू केले. त्यांनी बोगदे पाडले. कोरीव शंख, मोत्यांच्या माळा, तांब्याचे पत्रे, वस्त्रांचे तुकडे बाहेर काढून जागच्या जागी विकले; जे विकले जाणार नव्हते ते पायदळी गेले. ओक्लाहोमाने १९३५ मध्ये उत्खननाला परवाना सक्तीचा केला, आणि हे लोक शेवटी जाता जाता सुरुंगाची दारू लावून गेले. त्यानंतर १९३६ ते १९४१ या काळात मदत-यादीवरच्या मजुरांनी ओक्लाहोमा विद्यापीठाच्या देखरेखीखाली उरलेले टेकाड रीतसर उघडले. स्पायरोबद्दल आज जे काही थरांच्या आधाराने सांगता येते त्याचा मोठा भाग या कामातून आला आहे. तुलना करायची तर रोजंदारीवरच्या मजुराची तुलना आदर्श संशोधकाशी करू नका. त्या काळी खरोखर समोर उभ्या असलेल्या पर्यायांशी करा. ते पर्याय होते लुटारू, नांगर, रेल्वेचे कंत्राटदार आणि धरणाचे पाणी. ओकमल्गीच्या टेकाडांचे लचके एकोणिसाव्या शतकातच रेल्वेने तोडले होते. तिथे नोंदवही घेऊन कोणी उभे नव्हते.

त्याच ओकमल्गीत केली यांच्या माणसांना जे मिळाले ते सांगायलाच हवे. मातीने लिंपलेली एक गोल सभागृहासारखी वास्तू. भिंतीला लागून मातीची घडवलेली बैठकींची रांग, आणि समोर पक्ष्याच्या आकाराचा ओटा. छप्पर जळून आत कोसळले होते, त्याच ढिगाऱ्याने जमीन झाकून ठेवली होती. सुमारे हजार वर्षांपूर्वी कोणी कुठे बसत होते हे त्या जमिनीवर अक्षरशः दिसते. तिच्यावर नवे छप्पर उभारले गेले आणि आजही ती जमीन जागच्या जागी पाहता येते. एवढी नाजूक गोष्ट रोजंदारीच्या फावड्यांखालून शाबूत निघाली, हा माझ्या दृष्टीने या वादातला सर्वांत बोलका पुरावा आहे.

इथपर्यंत मी मजुरांची बाजू घेतली. आता योजनेची उलटतपासणी. मदतकार्याला काय हवे असते? माणसे जास्त, साहित्य कमी, काम लांबणारे, आणि मजुरांच्या घरापासून जवळ. वर्क्स प्रोग्रेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या कामांवर दहातली नऊ माणसे मदत-यादीतलीच असावीत असा दंडक होता. हत्यारे, जागा आणि इतर खर्चाचा वाटा स्थानिक प्रायोजकाने, म्हणजे विद्यापीठाने किंवा राज्याच्या एखाद्या खात्याने, उचलायचा. या चौकटीत कोणती स्थळे बसतात? प्रचंड मातीची टेकाडे, शिंपल्यांचे ढीग, नदीकाठची मोठी वस्ती. डोंगरउतारावरचे एकट्या कुटुंबाचे झोपडे बसत नाही, कारण तिथे शंभर माणसांना काम पुरत नाही. परिणाम असा की आग्नेय अमेरिकेच्या प्राचीन समाजाचे जे चित्र तयार झाले त्यात टेकाडे बांधणारी सत्ताकेंद्रे ठळक आली आणि त्यांना धान्य पुरवणारे विखुरलेले शेतकरी पुसट राहिले. पुढच्या पिढ्यांना हा तोल मुद्दाम सावरावा लागला. मस्टर कुठे लावायचे या निर्णयाने भूतकाळाचा नकाशा काढला होता.

पण याच नियमाचे दुसरे फळही पाहा. शिंपल्यांचे ढीग एरवी एवढ्या प्रमाणावर कोणी उकरले नसते. त्यात सोने नाही, मूर्ती नाही, संग्रहालयात मांडायला फारसे काही नाही, आणि माती मात्र टनांनी उपसावी लागते. फुकटच्या म्हणाव्यात अशा मजुरीमुळे ते उघडले गेले आणि त्यातून मातीची भांडी न घडवता, शेती न करता, पिढ्यान्‌पिढ्या एकाच नदीकाठी राहणाऱ्या माणसांचा एक अख्खा कालखंड ठसठशीत उभा राहिला. ही माणसे आपल्या कुत्र्यांनाही पुरत असत. संशोधनाच्या अर्जावर हे काम कधीच मंजूर झाले नसते. बेकारीच्या अर्जावर झाले.

या पसाऱ्यातून शास्त्रही घडले, आणि तेही गरजेपोटी. एका राज्यात निघालेली खापरे दुसऱ्या राज्यातल्या खापरांशी ताडून पाहायची तर नावे एक हवीत, वर्णनाची पद्धत एक हवी. १९३८ मध्ये अ‍ॅन आर्बर इथे मूठभर संशोधक जमले आणि आग्नेय पुरातत्त्व परिषद सुरू झाली. ती आजही भरते. १९४१ मध्ये जेम्स फोर्ड आणि गॉर्डन विली यांनी पूर्व अमेरिकेच्या प्राचीन इतिहासाची पहिली सलग मांडणी केली. दोघेही मदतकार्याच्या उत्खननांत तयार झालेले. त्यांची कालगणना फार आखूड ठरली. १९४९ नंतर किरणोत्सारी कार्बनची पद्धत आली आणि शिंपल्यांच्या ढिगांचे वय पाच हजार वर्षांच्या आसपास निघाले, तेव्हा सगळा काळ हजारो वर्षांनी मागे सरकवावा लागला. पण क्रम पुष्कळसा टिकला. आधी काय, नंतर काय हे थरांनी सांगितले होते आणि ते बरोबर होते. शिवाय नव्या पद्धतीने तपासायला नमुने होते, कारण कोणीतरी ते पिशवीत भरून, चिठ्ठी लावून ठेवले होते.

आता खऱ्या दुखण्याकडे येऊ. टेनेसीत चिकमॉगा धरणाच्या बुडीत क्षेत्रात थॉमस लुइस यांच्या हाताखाली मोठे काम झाले. नॉक्सव्हिलच्या प्रयोगशाळेत मॅडलीन क्नीबर्ग यांनी वर्गीकरणाची शिस्त बसवली. हिवासी बेटावरचा दोघांचा अहवाल १९४६ मध्ये आला आणि गाजला. पण संपूर्ण चिकमॉगा खोऱ्याचा अहवाल छापून यायला १९९५ साल उजाडले. अर्धशतकाहून अधिक काळ! खणणारे गेले, लिहिणारेही गेले, तेव्हा कुठे वाचकाच्या हाती पुस्तक पडले. आणि हा नशीबवान प्रकल्प. कितीतरी स्थळांचे अहवाल झालेच नाहीत. का? कारण योजनेच्या हिशोबात खणणे म्हणजे रोजगार होता, लिहिणे नव्हता. प्रयोगशाळांनाही मजूर-दिवसांच्या भाषेत मंजुरी मिळवावी लागे. खापरे धुणाऱ्या, त्यांवर क्रमांक घालणाऱ्या बेकार कारकुनांचे वेतन बसत होते, पण दोन वर्षे बसून विचार करणाऱ्या माणसाचे बसत नव्हते. १९४१ च्या डिसेंबरात अमेरिका युद्धात उतरली, बेकारी हटली आणि १९४२ पर्यंत ही उत्खननेही थांबली. न धुतलेल्या खापरांची पोती गोदामात तशीच राहिली. दुष्काळ संपला की दुष्काळी काम बंद होते, हे ठीकच. पण अर्धवट उघडलेला पुरावा बेकारीच्या आकड्यावर अवलंबून ठेवायचा नसतो. फावडे चालले तेवढे दिवस लेखणीलाही मिळायला हवे होते, आणि ते पैसे पहिल्या दिवशीच बाजूला काढायला हवे होते.

दुसरे दुखणे याहून खोल आहे आणि त्याला अंदाजपत्रकाची मलमपट्टी पुरत नाही. या कामांत मूलनिवासी लोकांची हजारो थडगी उघडली गेली. चेरोकी, मस्कोगी, चिकसॉ, चॉक्टॉ या लोकांना १८३० च्या कायद्यानंतर सैन्य लावून मिसिसिपीच्या पलीकडे हाकलले होते. शंभर वर्षांनी त्यांच्या पूर्वजांच्या अस्थी खोक्यांत भरून विद्यापीठांच्या फळ्यांवर ठेवल्या गेल्या. कोणाची परवानगी घेतली? जमिनीच्या मालकाची, प्राधिकरणाची, राज्याची. वंशजांची नाही. ते ओक्लाहोमात जिवंत होते, त्यांचे पत्ते सरकारदरबारी होते. १९९० मध्ये अस्थी आणि अंत्यविधीच्या वस्तू परत करण्याचा कायदा झाला आणि परतीचे काम आजही संपलेले नाही. सुवर्णयुग म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारतो: ज्यांच्या आजोबा-पणजोबांची थडगी उकरली त्यांच्या तोंडून हा शब्द निघेल का? ‘त्या काळी तशीच रीत होती’ हे उत्तर अपुरे आहे, कारण त्या काळीही गोऱ्यांच्या दफनभूमीवर संशोधनासाठी मस्टर लागत नव्हते. मात्र हा दोष फावडे धरणाऱ्याच्या माथी मारता येत नाही. कोणाची माती कोणाच्या परवानगीने उघडायची हे ठरवणारी माणसे रोजंदारीवर नव्हती.

हे सगळे आपल्या वादाशी कसे जुळते? महाराष्ट्राने १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसांना खडी फोडायला बसवले. त्यातून रोजगार हमी योजना आणि १९७७ चा कायदा आला, ज्याचा अभिमान आपण बाळगतो आणि बाळगायलाच हवा. त्या योजनेतही खर्चाचा साठ टक्के वाटा अकुशल मजुरीवर आणि चाळीस टक्के साहित्यावर, अशी चौकट होती. हेतू स्पष्ट होता: पैसा कंत्राटदाराच्या यंत्राऐवजी माणसाच्या हातात जावा. ते योग्यच होते. पण असा नियम कामांची निवडही करतो, हे आपण कधी मोकळेपणाने बोललो का? रस्ते, पाझर तलाव, नालाबांध यांचे ढीग लागले. ज्या कामाला मजुराबरोबर एक नोंद घेणारा, एक चित्र काढणारा आणि वर्षभर लिहीत बसणारा लागतो ते या तक्त्यात मावले नाही. त्याच काळात भीमेवर उजनी धरण बांधले जात होते. पळसदेवचे जुने देवालय त्या पाण्यात गेले आणि पाणी खाली गेलेल्या उन्हाळ्यात आजही डोके वर काढते. लोक होडीतून ते पाहायला जातात. देवळाचे शिखर तरी दिसते. भीमाकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्त्यांच्या, टेकाडांना शिखर नसते. त्या वर्षांत सोलापूर-पुण्याच्या दुष्काळी तालुक्यांत खडी फोडणाऱ्या हातांतले काहीशे हात बुडीत गावांच्या मोजणीला लावणे अशक्य होते का? धरणासाठी मोठे उत्खनन करण्याचा अनुभव देशाला नव्हता असे तर नाही. नागार्जुनसागरासाठी १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे नागार्जुनकोंड्याचे खोरे खणले गेले आणि वास्तू उचलून उंचावर नेल्या गेल्या.

यावर जाणकारांचा आक्षेप ठरलेला असतो: उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो, ग्रामपंचायतीला ते जमायचे नाही, आणि जमूही नये. मला हे शंभर टक्के मान्य आहे. उठसूट खणायची गरजच नाही. अमेरिकेत १९३३ च्या अखेरीस याच मंदीत आणखी एक काम सुरू झाले: सुमारे हजार बेकार वास्तुरचनाकारांना लावून जुन्या इमारतींची मोजमापे, रेखाटने आणि छायाचित्रे तयार करण्याचे. एक वीटही हलवायची नव्हती. त्यातल्या कित्येक इमारती आज उभ्या नाहीत, पण त्यांची मोजमापे उरली आहेत आणि हे सर्वेक्षण अजून चालू आहे. आपल्याकडे तालुक्यागणिक बारवा आहेत, वीरगळ आहेत, पडके वाडे आणि गढ्या आहेत. बारवेतला गाळ काढणे हे रोजगार हमीच्या कामात सहज बसते. पण गाळ काढताना पायऱ्या मोजणारा, कोनाड्यातल्या मूर्तीची नोंद करणारा, शिलालेखाचा ठसा घेणारा माणूस त्याच मस्टरवर का नसावा? गावातली पदवी घेऊन घरी बसलेली मुले-मुली हे काम शिकू शकतात. आयरीनच्या बायका शिकल्या, कुफ्तचे शेतकरी शिकले.

त्यासाठी कायद्याची भाषा थोडीच बदलावी लागेल. अमेरिकेने १९७४ मध्ये केंद्राच्या बांधकाम प्रकल्पाच्या खर्चातला एक टक्क्यापर्यंतचा भाग पुरातत्त्वीय नोंदीसाठी वापरायची मुभा दिली. चार दशके आधीच्या पोत्यांचे ओझे उरावर होते म्हणून ते शहाणपण आले. आपल्याला एवढा उशीर करायचे कारण नाही. वारशाशी संबंधित कोणत्याही मजुरीच्या कामाच्या अंदाजपत्रकात मजुरीइतक्याच ठामपणे तीन रकमा लिहिलेल्या असाव्यात: नोंदीची, साठवणुकीची आणि अहवाल छापण्याची. अहवालाची रक्कम काम बंद झाल्यावरही दोन वर्षे हात न लावता राहावी. आणि जिथे देऊळ, दर्गा, समाधी, दफनभूमी किंवा एखाद्या समाजाचे देवस्थान आहे तिथे त्या गावाची, त्या समाजाची संमती आधी कागदावर घ्यावी. काम सुरू झाल्यावर नव्हे. कामावरच्या प्रत्येकाचे नाव अहवालाच्या पहिल्या पानावर छापावे. मस्टरवर ते नाव असतेच.